उसनवारीचे ग्रंथालय : मोबाइल ॲपमध्ये बाहेरची लायब्ररी जोडताना

‘लायब्ररी’ हा शब्द आमच्या शाळेत उच्चारला की मुलांच्या डोळ्यांपुढे वसतिगृहालगतची ग्रंथांची खोली उभी राहते. दादरच्या हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘राजगृह’ बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहाला हक्काची जागा मिळावी म्हणून, ही गोष्ट आम्ही दरवर्षी नव्याने दाखल होणाऱ्या मुलांना सांगत आलो आहोत. अलीकडे मात्र हाच शब्द संगणक कक्षातून निराळ्या अर्थाने कानी पडू लागला. “सर, लायब्ररी जोडली, पण ॲप चालत नाही,” असे एक विद्यार्थी म्हणाला, तेव्हा इतिहास शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या आम्हांला क्षणभर काही उमगले नाही. पुढे मुलांच्या शेजारी बसून आम्ही ते समजून घेतले. त्या शिकण्यात आमच्या हातून एक चूकही घडली. ती चूक आणि तिच्यातून सापडलेली शिस्त आजी-माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लायब्ररी म्हणजे काय?

दार बसविणारा सुतार बिजागरी स्वतः घडवीत नाही. ती तो दुकानातून आणतो, कारण बिजागरी घडविणे हे स्वतंत्र कसब आहे आणि ते दुसऱ्या कोणी उत्तम रीतीने केलेले आहे. मोबाइलचे ॲप तयार करणाराही असेच करतो. एखादे ठरावीक काम करणारा, दुसऱ्याने लिहून तपासून ठेवलेला आज्ञांचा संच म्हणजे लायब्ररी. छायाचित्र दाखविणे, नकाशा उमटविणे, माहितीची पाठवणी करणे, अशा प्रत्येक कामासाठी जगभरच्या लोकांनी अशा लायब्ऱ्या लिहिल्या असून त्यांतील असंख्य विनामूल्य उपलब्ध आहेत.

आमच्या उपक्रमाचे उदाहरण घेऊ. संगणक क्षेत्रात नोकरी करणारी आमची एक माजी विद्यार्थिनी सुटीच्या दिवशी शाळेत येऊन नववी-दहावीच्या मुलांना शिकवू लागली. तिच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी शाळेच्या ग्रंथालयासाठी अँड्रॉइड फोनवर चालणारे ॲप करावयास घेतले. आमच्याच तालुक्यातील चरीच्या शेतकरी संपावरील (१९३३-१९३९) एखादे पुस्तक कपाटात आहे की कोणाच्या नावावर गेले आहे, हे घरबसल्या कळावे अशी ती कल्पना होती. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील रेघांचा संकेत, म्हणजे बारकोड, फोनच्या कॅमेऱ्याने वाचावयाचा. ज्या जुन्या ग्रंथांवर तो छापलेलाच नाही, त्यांना आपण स्वतः क्यूआर कोडची चिठ्ठी चिकटवावयाची.

आता कॅमेऱ्यात दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या खुणांतून अंक ओळखणे हे सोपे काम नव्हे. उजेड कमी असतो, हात हलतो, चिठ्ठी तिरपी लागलेली असते. आयएसबीएन या ग्रंथक्रमांकाच्या १३ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या १२ अंकांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून वाचण्यात चूक झाली तर ती बहुधा पकडता येते. हे सारे दहावीच्या मुलांनी मुळापासून लिहावयाचे म्हटले तर शालान्त परीक्षा होऊन गेली असती. ‘झेडएक्सिंग’ नावाची मुक्त लायब्ररी नेमके हेच काम करते. मुलांनी ती जोडण्याचे ठरविले.

जोडणी कशी होते?

अँड्रॉइडचे ॲप बहुधा ‘अँड्रॉइड स्टुडिओ’मध्ये लिहिले जाते आणि त्याचे सर्व भाग गोळा करून एकत्र बांधण्याचे काम ‘ग्रेडल’ नावाचे साधन करते. पूर्वी लायब्ररीची फाइल उतरवून घेऊन ती प्रकल्पाच्या एका कप्प्यात ठेवीत असत. आजही तसे करता येते, पण मग ती फाइल कोठून आली आणि कितवी आवृत्ती आहे हे वर्षभराने कोणालाच आठवत नाही. म्हणून आता ग्रेडलच्या फाइलींत दोन गोष्टी लिहितात.

पहिली गोष्ट म्हणजे लायब्ररी कोणत्या भांडारातून आणावयाची. गूगलचे स्वतःचे एक भांडार आहे आणि ‘मेव्हन सेंट्रल’ हे दुसरे मोठे भांडार आहे. भांडारही कायमचे असते असे नाही. ‘जेसेंटर’ नावाचे एक लोकप्रिय भांडार बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली, तेव्हा जगभरच्या अँड्रॉइड प्रकल्पांना आपला पत्ता बदलावा लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे लायब्ररीचा पत्ता. तो तीन भागांचा असतो : बनविणाऱ्या गटाचे नाव, लायब्ररीचे नाव आणि आवृत्तीचा क्रमांक. ‘डिपेंडन्सीज’, म्हणजे अवलंबने, या मथळ्याखाली हा पत्ता एका ओळीत लिहिला आणि ‘सिंक’ची कळ दाबली की ग्रेडल भांडारात जाऊन ती लायब्ररी घेऊन येते. आमच्या मुलांनी झेडएक्सिंगवर आधारलेल्या एका अँड्रॉइड लायब्ररीची ४.३.० ही आवृत्ती घेतली. ओळ लिहिताना ‘मिळेल ती नवीन आवृत्ती’ असेही सांगता येते. तसे करू नये. आज चाललेले ॲप उद्या आपण काहीही न बदलता बंद पडू शकते आणि कारण शोधता शोधता दिवस मोडतो.

आवृत्तीच्या तीन आकड्यांनाही अर्थ असतो. रूढ संकेतानुसार शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला तर जुने न मोडता नवी भर, आणि पहिला वाढला तर काही जुने मोडले असण्याचा संभव. सर्वच लेखक हा संकेत काटेकोर पाळतात असे मात्र नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. आम्ही एकच ओळ लिहिली, पण आल्या दोन लायब्ऱ्या. कॅमेरा हाताळणाऱ्या त्या लायब्ररीला संकेत उलगडण्यासाठी झेडएक्सिंगचा मूळ गाभा लागतो, म्हणून ग्रेडलने तोही आपसूक आणला. त्या दुसरीला तिसरी लागली असती तर तीही आली असती. हे असले म्हणजे ते असते, या कार्यकारणाच्या साखळीला तथागतांच्या विचारात केंद्रस्थान आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. ग्रेडल ही सारी साखळी झाडाच्या फांद्यांप्रमाणे मांडून दाखवू शकते. ते झाड एकदा तरी संपूर्ण वाचावे, असे आम्ही आता मुलांना बजावतो. पहिल्या खेपेस आम्ही ते वाचले नव्हते.

एका आईचा प्रश्न

ॲप चालू लागले. मुलांना हौस वाटली की ते किती जण वापरतात, काय पाहतात, हे आपल्याला कळावे. त्यासाठी वापराची आकडेवारी गोळा करणारी एक विनामूल्य लायब्ररी कोणीतरी सुचविली. एक ओळ लिहिली, सिंक झाले, आकडे दिसू लागले. सर्वांना आनंद झाला, आम्हांलाही.

पुढच्या पालकसभेत एक माउली फोन हाती घेऊन आमच्याकडे आल्या. फोनच्या सेटिंगमध्ये आमच्या ॲपच्या परवानग्यांची यादी त्यांच्या मोठ्या मुलाने उघडून दाखविली होती. त्यांनी शांतपणे विचारले, “सर, पुस्तक शोधायच्या ॲपला आम्ही कुठं आहोत ते कशाला लागतं?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुलांनी ठिकाणाची परवानगी कोठेही लिहिली नव्हती. माजी विद्यार्थिनीने तपास केला तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक अँड्रॉइड ॲपला ‘मॅनिफेस्ट’ नावाचे एक प्रकटनपत्र असते. त्यात ॲप कोणत्या परवानग्या मागणार हे नोंदलेले असते. बाहेरची लायब्ररी स्वतःचे मॅनिफेस्ट घेऊन येते आणि बांधणीच्या वेळी ते आपल्या मॅनिफेस्टमध्ये मिसळून जाते. बारकोडच्या लायब्ररीने कॅमेऱ्याची परवानगी आणली होती, ती योग्यच होती. आकडेवारीच्या लायब्ररीने ठिकाणाची परवानगी आणली, आणि तिची आम्हांला काही गरज नव्हती.

ठिकाणाची परवानगी प्रत्यक्षात कोणी दिलेली नव्हती, म्हणून ती माहिती गेली नाही. पण दुसरी गेली होती. वापरकर्ता कोणता पडदा उघडतो हे ती लायब्ररी पडद्याच्या मथळ्यासकट नोंदवून आपल्या मालकांच्या संगणकाकडे पाठवीत होती. आमच्या एका पडद्याचा मथळा होता ‘अमुक विद्यार्थ्याच्या नावावरील पुस्तके’. म्हणजे आमच्या वसतिगृहातील मुलामुलींची पूर्ण नावे, त्यांनी कोणती पुस्तके नेली याच्या नोंदीसह, आम्हांला न विचारता दूर कोठे तरी साठत होती. नव्हे, आम्हीच ती पाठवीत होतो.

नाव ही आपल्या समाजात साधी गोष्ट नाही. आडनाव आणि गाव कळले की जात विचारण्याची गरज अनेकांना उरत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नोंद दुसऱ्यांनी आपल्या दप्तरात आपल्या सोयीने केली, त्यांच्या नातवंडांची नोंद तरी त्यांच्या संमतीवाचून कोणाच्या हाती जाऊ नये, ही काळजी वाहण्याचे काम आमचे होते. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून, बालकाच्या माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे सांगितले आहे.

आम्ही ते ॲप त्याच दिवशी मागे घेतले. ती ओळ काढली, साठलेली माहिती पुसण्याविषयी संबंधितांना लिहिले, आणि पुढच्या सभेत पालकांपुढे झाला प्रकार सांगून क्षमा मागितली. मुलांवर आम्ही रागावलो नाही, कारण आनंदात आम्हीही सामील होतो.

जोडण्यापूर्वीचे प्रश्न

त्यानंतर संगणक कक्षात एक नोंदवही आली. बाहेरची प्रत्येक लायब्ररी घेण्यापूर्वी तिच्यात काही प्रश्नांची उत्तरे लिहावयाची, असा नियम झाला.

*ही खरोखर हवी आहे का?* मार्च २०१६ मध्ये संगणकजगतात एक विलक्षण प्रकार घडला. ‘लेफ्ट-पॅड’ नावाची एक चिमुकली लायब्ररी होती. अक्षरांच्या डाव्या बाजूला ठरावीक लांबीपर्यंत भर घालणे एवढेच तिचे काम आणि तिच्या ओळी अवघ्या ११. नावावरून झालेल्या एका वादात तिच्या लेखकाने आपल्या सर्व लायब्ऱ्या भांडारातून काढून घेतल्या, आणि तिच्यावर साखळीने अवलंबून असलेल्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. काही तासांत ती परत ठेवण्यात आली. जे काम आपण दहा ओळींत करू शकतो, त्यासाठी दुसऱ्याच्या दारी जाऊ नये, हा त्यातला धडा.

*ती कोणी लिहिली आणि आज तिची देखभाल कोण करतो?* झेडएक्सिंगचे कर्ते स्वतःच सांगतात की हा प्रकल्प आता केवळ देखभालीच्या अवस्थेत आहे. म्हणजे नव्या सोयींची अपेक्षा धरू नये. आमच्या कामाला ते चालण्यासारखे होते, पण ते जाणून घेणे आणि न जाणता घेणे यांत अंतर आहे. कीर्तीवर विसंबूनही चालत नाही. ‘एक्सझेड’ ही माहिती आवळून ठेवणारी लायब्ररी जगभरच्या संगणकांत वापरली जाते. एका व्यक्तीने दीर्घकाळ निष्ठेने काम केल्याचे दाखवून तिच्या कर्त्याचा विश्वास संपादन केला आणि मग तिच्यात चोरदार बसविले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले, त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला आणि कपट उघडकीस आले. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, ही कालामांना केलेली सूचना येथे शब्दशः लागू पडते.

*ती कोणत्या अटींवर मिळाली आहे?* विनामूल्य म्हणजे बिनशर्त नव्हे. ‘एमआयटी’ परवान्याची अट सोपी आहे : मूळ कर्त्याची हक्कनोंद आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. झेडएक्सिंगला लागू असलेला ‘अपाचे २.०’ परवाना याखेरीज आपण केलेले बदल नमूद करावयास सांगतो. ‘जीपीएल’ परवान्याची लायब्ररी वापरून केलेले ॲप इतरांना दिले, तर आपल्या ॲपचा मूळ आज्ञासंचही त्याच अटींवर खुला करावा लागतो. आमच्या ॲपमधील मराठी अक्षरे मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या ‘मुक्ता’ या टंकातील आहेत. तो खुल्या टंक-परवान्यावर मिळतो. ॲपमध्ये घालावयास मोकळीक आहे, पण नुसता टंकच विकता येत नाही. म्हणून ॲपच्या शेवटी ‘ऋणनिर्देश’ हे पान मुलांनी केले. ज्यांच्या श्रमावर आपण उभे आहोत त्यांची नावे सांगणे हा शिष्टाचार आमच्या मुलांना नवा नाही.

*ती सोबत काय आणते?* अवलंबनांचे झाड आणि मिसळून झालेले मॅनिफेस्ट, ही दोन्ही अँड्रॉइड स्टुडिओत पाहता येतात. अनावश्यक परवानगी आपल्या मॅनिफेस्टमध्ये एक ओळ लिहून वगळताही येते. तसे करून लायब्ररी नीट चालत नसेल, तर ती लायब्ररीच आपल्या कामाची नाही असे समजावे.

जुने टाकून नवे घेताना

लायब्ररी जोडली म्हणजे काम संपत नाही. ती जुनी होते, तिच्यात दोष सापडतात, नवी आवृत्ती येते. न बदलावे तर धोका, घाईने बदलावे तरी धोका. येथे आम्हांला आमच्या गावचेच उदाहरण उपयोगी पडले.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा सर्वांना ठाऊक आहे. ती येथे का आली हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत होत. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार हे ठरले, तेव्हा त्या विजेच्या प्रवाहाने सूक्ष्म मापने बिघडतील हे उघड झाले. म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा त्याच दिवशी बंद केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, त्यांतील फरक समजून घेतला आणि मगच जुने थांबविले. त्यामुळे १८४६ पासूनच्या कुलाब्याच्या नोंदी आणि आजच्या अलिबागच्या नोंदी एका सूत्रात जोडून वाचता येतात. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये.

लायब्ररी बदलताना आमची मुले हेच करतात. ॲपची एक वेगळी प्रत काढून तिच्यात नवी आवृत्ती घालतात, तीच पुस्तके दोन्ही प्रतींनी वाचून पाहतात, उत्तरे जुळली तरच बदल पक्का करतात. जुनी ओळ कोणत्या दिवशी का बदलली, हे नोंदवहीत लिहितात.

आपलेही काही असावे

सर्व काही उसने मिळते असेही नाही. ‘पायऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ संगणकात दोन रीतींनी साठविता येतो : खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द. एकाने एका रीतीने नोंदविलेले पुस्तक दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले की ‘सापडले नाही’ असे उत्तर येई. अक्षरांचे एकरूपीकरण करणारी सर्वसाधारण लायब्ररी हा भेद मिटवीत नाही, कारण तो आपल्या भाषेचा खास प्रश्न आहे. तसेच युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे येते, तर आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर. निव्वळ युनिकोडच्या क्रमांकाने यादी लावली तर ती मराठी वाचकाला चुकीचीच वाटणार. ‘ऱ्य’चा भेद मिटविणाऱ्या काही ओळी मुलांनी स्वतः लिहिल्या. त्या खुल्या परवान्यावर सर्वांना द्याव्या, असे त्यांच्या मनात आहे. आपण जगाकडून घेतले, तर जगाला आपल्या भाषेपुरते तरी काही द्यावे.

ॲप आता पुन्हा सुरू झाले आहे. त्यात विद्यार्थ्यांची नावे नाहीत, केवळ ग्रंथालयाचे क्रमांक आहेत, आणि ते कॅमेऱ्याखेरीज कोणतीही परवानगी मागत नाही. नोंदवहीच्या पहिल्या रकान्याचा मथळा मुलांनी त्या माउलींच्या शब्दांतच लिहिला आहे : ‘हे कशाला लागतं?’ संगणक क्षेत्रात काम करणारे आमचे अनेक माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी येतील. त्यांनी अर्धा तास काढून ती वही चाळावी, आमच्या नजरेतून सुटलेल्या चुका समासात लिहून ठेवाव्या, ही आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.